क्लच बदलला, आवाज तसाच

कराडमध्ये राहणाऱ्या आणि रोज साताऱ्याला शिकवायला जाणाऱ्या एका प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. २०२१ मध्ये घेतलेली त्यांची पेट्रोल हॅचबॅक आतापर्यंत ६८ हजार किलोमीटर चालली. घेतानाच एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे भरले होते. पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. ही मुदत पुढच्या महिन्याच्या अखेरीस संपते. गेल्या पावसाळ्यापासून गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना पुढून बारीक घरघर येऊ लागली. तासवडे टोलनाक्यावर रांगेत थांबलं की ती जास्तच ऐकू येते, क्लच दाबला की थांबते. अधिकृत सर्व्हिस सेंटरने क्लच गेल्याचं सांगितलं. क्लच हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत बसत नाही, म्हणून १८,४०० रुपये खिशातून गेले. त्यात लेबर ६,५००. काही दिवसांत लक्षात आलं की आवाज जिथल्या तिथे आहे. गाडी परत नेली तर 'या मॉडेलला एवढा आवाज असतोच, मॅडम' असं उत्तर मिळालं. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले सासरे म्हणतात, 'गिअरबॉक्सचं बेअरिंग आहे, मी पहिल्या दिवशीच सांगत होतो', आणि त्यांना ओळखीच्या गॅरेजात गिअरबॉक्स उतरवून घ्यायचा आहे. नवऱ्याचं म्हणणं, वॉरंटी शिल्लक आहे तोवर गाडी विकून मोकळं व्हावं. त्यात सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे काउंटरवर तक्रार लिहून घेणारा, हा या बाईंचाच जुना विद्यार्थी निघाला. त्या विचारतात, 'मला सरळसरळ फसवलं आहे का? मला गाडीतलं काही कळत नाही, मग भांडू कशाच्या जोरावर?'

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. गाडीतलं काही कळत नाही म्हणता, पण 'न्यूट्रलला घरघर, क्लच दाबला की बंद' ही जी ओळ तुम्ही सहज लिहून गेलात ती कुठल्याही चांगल्या फिटरला हवी असते. बहुतेक लोक 'पुढून कसलातरी आवाज येतोय' एवढं सांगून चावी देतात. आवाज कधी येतो आणि कधी थांबतो हे तुम्ही नेमकं टिपलं आहे. भांडायची वेळ आलीच, तर जोर याचाच.

आता तुम्ही पाठवलेला जॉब कार्डाचा फोटो पुन्हा उघडून बघा. ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात ही ओळ कुठे आहे? तिथे लिहिलं आहे, 'क्लच नॉईज, चेक अँड रिप्लेस'. कॉलेजची वेळ झाली होती, घाईत 'क्लचमधून आवाज येतोय वाटतं' असं म्हणून तुम्ही निघालात, हे तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. म्हणजे रॅम्पजवळच्या फिटरपर्यंत आवाजाचं वर्णन पोचलंच नाही, तयार निष्कर्ष पोचला. त्याने कार्ड वाचलं, क्लच उतरवला, ६८ हजारांची झीज त्यावर दिसली, नवा बसवला. यात तुमचा दोष काढायचा नाहीये. तुम्ही काहीही म्हणाला असतात तरी ट्रायल मारून खातरजमा करणं हे त्यांचंच काम होतं. पण पुढच्या वेळी त्या रकान्यात काय लिहिलं जातं यावर तुमची पकड हवी, कारण पैसे कोणाच्या खिशातून जायचे ते त्या रकान्यातच ठरतं.

हे कसं, ते सांगण्याआधी आत काय चालतं ते थोडं बघू. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला आणि पाय क्लचवरून काढलेला, अशा वेळी इंजिनची फिरकी क्लचमधून गिअरबॉक्समध्ये शिरत असते. ज्या दांड्यावरून ती आत येते तो इनपुट शाफ्ट. गाडी जागची हलत नसली तरी हा शाफ्ट फिरतो आणि त्याला धरून ठेवणारी बेअरिंगही फिरतात. क्लच दाबला की इंजिनशी संबंध तुटतो आणि शाफ्ट थांबतो. बेअरिंगमधल्या गोळ्यांची वाट खडबडीत झाली असेल तर शाफ्ट फिरताना घरघर येते आणि तो थांबला की जाते. क्लच सेटबरोबर तुमच्याकडे बदललं गेलं ते रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं. त्याचं सहसा उलट असतं. पाय दाबला की त्याच्यावर भार येतो आणि तेव्हा ते ओरडायला लागतं.

एवढं वाचून 'म्हणजे सासरे बरोबर, सर्व्हिस सेंटर चूक' असा निकाल लावू नका. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत रिलीज बेअरिंग पाय काढलेला असतानाही हलकंसं टेकलेलं असतं आणि फिरत राहतं. ते कोरडं पडलं तर न्यूट्रलला किरकिर करतं आणि पाय नुसता टेकवला तरी गप्प होतं. म्हणून पेडल अगदी सावकाश दाबून पाहायचं. पहिल्या स्पर्शालाच आवाज बदलला तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल बरंच खाली जाऊन क्लच सुटतो त्या ठिकाणी आवाज थांबला तर संशय इनपुट शाफ्टवर. तुमचं रिलीज बेअरिंग नवं आहे आणि आवाज जसाच्या तसा आहे, त्यामुळे पहिली शक्यता आता जवळजवळ संपली. १८,४०० रुपयांत एवढं निदान तरी हाती लागलं, असं म्हणायचं.

आणि 'एवढा आवाज असतोच' हे उत्तरही अगदीच फेकलेलं नाही. मॅन्युअल गिअरबॉक्समधले मोकळे गिअर आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, एकमेकांवर हलकेच आपटत राहतात. ऑइल तापून पातळ झालं की हा खडखडाट वाढतो, आणि गंमत म्हणजे क्लच दाबला की तोही थांबतो. काही गाड्यांत तो नवी असल्यापासून असतो आणि त्याने काही बिघडत नाही. फरक ओळखायच्या खुणा मात्र आहेत. गिअरचा खडखडाट आयडलला सर्वांत जास्त, रेस थोडी वाढवली की विरतो. बेअरिंगची घरघर रेसबरोबर चढते, तिचा सूर वर जातो. शिवाय खडखडाट वर्षानुवर्षं एकसारखाच राहतो. तुम्ही लिहिता की आधी फक्त टोलनाक्यावर कळायचं, आता काचा बंद असताना चौथ्या-पाचव्या गिअरमध्येही गुणगुण ऐकू येते. पाच-सहा महिन्यांत वाढत गेलेला आवाज हा त्या मॉडेलचा स्वभाव असू शकत नाही. माझा कौल म्हणूनच सासऱ्यांच्या बाजूने झुकतो. पण कौल म्हणजे पुरावा नव्हे, आणि तुम्हाला पुरावा लागणार आहे.

पत्रात तुमच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट या सगळ्यात मोठी आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या तुमच्यासारख्या गाडीत क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. त्या ६,५०० रुपये लेबरचा मोठा वाटा त्या उतरवण्या-चढवण्याचाच आहे. म्हणजे ज्या बेअरिंगवर आज संशय आहे ते ज्यात बसतं तो डबा त्या दिवशी सुटा होऊन फिटरच्या पुढ्यात पडला होता. इनपुट शाफ्टचं टोक बाहेर डोकावत असतं. ते बोटांनी फिरवून, हलवून बघायला दोन मिनिटं पुरतात. खडबड असेल तर हाताला कळते, नको तेवढा ढिलेपणा असेल तर दिसतो. आवाजाच्या तक्रारीवरून गिअरबॉक्स उतरवला आणि शाफ्ट फिरवून पाहिला नाही, ही खरी त्रुटी. उद्या बेअरिंगच निघालं, तर तेच लेबर वॉरंटीत करायचं काम होतं आणि ते तुमच्याकडून घेतलं गेलं, असा तुमचा साधा, सरळ दावा बनतो.

बिलावर आणखी एक गोष्ट खटकते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, लेबर. गिअर ऑइल कुठेच नाही. गिअरबॉक्स उतरवताना एक्सल, म्हणजे चाकांना फिरवणारे दांडे, बाहेर काढावे लागतात, आणि बऱ्याच गाड्यांत तेव्हा ऑइल वाहून जातं किंवा आधीच काढून घ्यावं लागतं. मग परत भरलं कुठलं? जुनंच ओतलं, की नवं भरून बिलात घालायचं राहिलं, की कमी भरलं? विचारा. कमी ऑइलवर चाललेलं बेअरिंग लवकर मरतं, आणि पुढे 'ऑइल कमी होतं, म्हणून वॉरंटी लागू नाही' असं तुमच्यावरच उलटायला नको.

फसवलं का, हा तुमचा प्रश्न. मुद्दाम खोटं सांगितलं असं मानायला पत्रात आधार दिसत नाही. सवयीने निदान केलं, असं मात्र दिसतं, आणि ती सवय कुठून येते हेही समजून घ्यायला हवं. वॉरंटीतल्या कामाचे पैसे सर्व्हिस सेंटरला कंपनीकडून, किंवा ती वॉरंटी चालवणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडून, मिळवावे लागतात. त्यासाठी काढलेला पार्ट जपून ठेवा, फोटो पाठवा, मंजुरी येईपर्यंत गाडी रॅम्पवर अडकवून ठेवा, आणि दावा फेटाळला गेला तर नुकसान सोसा. ग्राहकाने रोख द्यायचं काम संध्याकाळपर्यंत उरकतं. दोन शक्यता समोर असल्या की मन सोप्या बाजूला कलतं. त्यासाठी कोणी बदमाश असावं लागत नाही. तुमच्यासाठी परिणाम तोच, हे खरं. पण 'तुम्ही मला लुटलंत' या वाक्याने बोलणं सुरू झालं की समोरचा स्वतःला वाचवायला लागतो आणि गाडी तशीच उभी राहते. 'निदान चुकलं, आता ते सिद्ध करून दुरुस्त करा' याला उत्तर द्यावंच लागतं.

सासऱ्यांबद्दल. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानाला मी कमी लेखणार नाही, आणि घरात त्यांचं पहिल्या दिवशी कोणी ऐकलं नाही याची बोचही तुमच्या पत्रातून दिसते. तरीही वॉरंटी शिल्लक असताना बाहेरच्या गॅरेजात गिअरबॉक्स खोलू देऊ नका. एकदा बाहेरचा पाना लागला की उरलेला दावा तिथेच संपतो, मग बेअरिंग कितीही खराब निघो. त्यांच्यासाठी याहून चांगलं काम आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये ट्रायलला जाल तेव्हा त्यांना पुढच्या सीटवर बसवा. फिटरशी त्याच्या भाषेत बोलणारं माणूस शेजारी असलं की 'असतोच मॅडम' असं म्हणताना जीभ थोडी अडखळते. फक्त त्यांना एवढं सांगून ठेवा की पहिली पंधरा मिनिटं निदान त्यांनी बोलायचं नाही. फिटरला स्वतः ऐकू द्यायचं.

मुदत जवळ आली आहे, म्हणून या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्या. जाण्याआधी मोबाईलवर दोन व्हिडिओ काढा, एक सकाळी इंजिन थंड असताना आणि एक वीस-पंचवीस किलोमीटर चालल्यावर. फ्रेममध्ये मीटर दिसू द्या, म्हणजे किलोमीटर आणि आरपीएम दोन्ही नोंदले जातील. पेडल दाबताना आणि सोडताना तोंडाने बोला, 'आता दाबला, आता सोडला'. आवाज भिंतीजवळ चांगला पकडला जातो, टोलनाक्यावर तुम्हाला ते जाणवलंच आहे. मग सर्व्हिस सेंटरला ईमेल करा आणि त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेलाही पाठवा. मजकूर फार लांबवू नका. असा काहीसा चालेल:

'गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू आणि क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्सच्या बाजूने घरघर येते. रेसबरोबर वाढते. क्लच पूर्ण दाबल्यावर थांबते. हीच तक्रार घेऊन मी अमुक तारखेला आले होते. तेव्हा क्लच सेट बदलला, आवाजात फरक पडला नाही. वॉरंटीच्या मुदतीत कारण शोधून लेखी कळवावं. क्लचच्या कामात गिअरबॉक्स उतरवला तेव्हा इनपुट शाफ्ट आणि बेअरिंग तपासली होती का, आणि गिअर ऑइल कोणतं व किती भरलं, हेही कळवावं.'

यात कुठल्याही भागाचं नाव घेऊन 'हे बदला' असं म्हटलेलं नाही, हे लक्षात आलं असेल. जॉब कार्डावरही हेच वर्णन लिहून घ्या. ॲडव्हायझर संगणकात 'गिअरबॉक्स नॉईज' एवढंच टाकू लागला तर थांबवा, तुमची वाक्यं घालायला सांगा आणि ती वाचल्याशिवाय सही करू नका. वॉरंटी संपण्याआधी ही तक्रार नोंदलेली असणं हा तुमचा कणा आहे. दुरुस्ती मुदतीनंतर लांबली तरी दोष मुदतीत कळवला होता, हे कागदावर असलं पाहिजे. मुदत संपली की सगळं संपलं अशी जी धास्ती तुमच्या पत्रात आहे, ती निम्म्याने तरी इथेच कमी व्हायला हरकत नाही.

तिथे गेल्यावर ट्रायल एकत्र मारायचा आग्रह धरा, आणि गाडी फिटरने चालवायची, ॲडव्हायझरने नव्हे. 'सगळ्याच गाड्यांना असतो' हे वाक्य परत आलं तर तुम्ही शांतपणे म्हणा, मग याच मॉडेलची दुसरी गाडी ऐकवा. सर्व्हिस सेंटरच्या आवारात तशी एखादी असतेच. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून ऐकल्या तर वाद बहुधा तिथेच मिटतो. त्यानंतरची स्वस्त पायरी म्हणजे गिअर ऑइल काढून बघणं. ड्रेन प्लगच्या, म्हणजे ऑइल काढायच्या बुचाच्या, चुंबकावर राखाडी मऊ लगदा असला तर ती रोजची झीज; चकचकीत कण किंवा कपचे निघाले तर आत काहीतरी खाल्लं जातंय. त्याचा फोटो तुमच्या समोर काढून घ्या.

मग ते म्हणतील, 'गिअरबॉक्स खोलावा लागेल, आत काही निघालं नाही तर लेबर तुमचं.' ही अट बऱ्याच ठिकाणी घातली जाते आणि ती अगदीच अन्यायाची नाही. पण तुमच्या बाबतीत मान्य करू नका, निदान जशीच्या तशी नको. कारण खोलण्याची संधी एकदा येऊन गेली आहे आणि तिचे पैसे तुम्ही दिले आहेत. म्हणा, की या वेळचं उतरवण्याचं लेबर मागच्या बिलात धरा. आणि खोलाल तेव्हा मला बोलवा, किंवा किमान व्हिडिओ पाठवा.

वॉरंटीची पुस्तिका या आधी एकदा नीट वाचून काढा. विकताना दाखवतात ते रंगीत पत्रक वेगळं, अटींची पुस्तिका वेगळी. क्लच, ब्रेक पॅड, टायर, वायपर हे झिजणारे भाग वगळलेले असतात. गिअरबॉक्समधली ऑइलात बुडून चालणारी गिअर-बेअरिंग सहसा समाविष्ट असतात. वगळण्याच्या यादीत 'आवाज व कंपन' असे शब्द असतील तर घाबरू नका. तुमची मागणी आवाज घालवण्याची म्हणून मांडू नका, खराब झालेला भाग बदलण्याची म्हणून मांडा. आवाज ही त्याची खूण. सर्व्हिसिंग ठरल्या अंतराने अधिकृत ठिकाणीच झालंय हे दाखवणारी बिलं एकत्र करून ठेवा. 'पाण्यात गेली होती' हा आक्षेप पावसाळ्यानंतरच्या प्रत्येक बेअरिंगवर घेतला जातो. तुमची गेली नसेल तर तसं ईमेलमध्ये एका ओळीत लिहून टाका.

तुमच्या विद्यार्थ्याचं काय? लेखी तक्रार केली तर त्याच्या नोकरीवर गदा येईल, असं तुम्हाला वाटतं. मला उलट वाटतं. तोंडी चाललेल्या भांडणात बळी नेहमी काउंटरवरच्या पोराचा जातो, कारण वरच्यांना तोच दिसतो. तुमची मागणी कागदावर, नेमकी आणि भागाच्या निदानाबद्दल असेल तर ती सर्व्हिस मॅनेजरच्या टेबलावर जाते आणि मंजुरी मागायला त्यालाही काहीतरी हाती लागतं. ईमेल पाठवण्याआधी तुमच्या विद्यार्थ्याला एक फोन करा. 'तुझ्याविरुद्ध काही नाही, पण हे मी लिहून देणार आहे' एवढं सांगा. शिकवणाऱ्या बाईंकडून त्याने याहून कठोर वाक्यं ऐकली असतील.

क्लचच्या १८,४०० रुपयांवर दोन शब्द. ते सगळेच परत मिळतील अशी आशा मी दाखवणार नाही. ६८ हजार किलोमीटरनंतर प्लेट खरोखरच निम्म्याहून जास्त झिजलेली असू शकते, आणि नवा सेट तुमच्या गाडीत आहे, तो पुढची काही वर्षं चालेल. जुनी प्लेट तुमच्या पैशाने बदलली, म्हणून ती तुमची; मागून बघा. तिच्यावरचे रिवेट पृष्ठभागाच्या जवळ आले असतील तर पार्टचे पैसे वाया गेले नाहीत. रिवेट खोल असतील तर प्लेट चांगली होती, आणि मग पूर्ण रक्कम मागायलाही जागा आहे. लेबर मात्र दोन्ही परिस्थितीत मागा, बेअरिंग निघालं की त्याच दिवशी.

एवढं करून दाद लागली नाही, तर सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीची ग्राहक सेवा (तक्रार क्रमांक घ्यायला विसरू नका), मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हेल्पलाइन आदेश देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत नेऊन पाठपुरावा करते, पण पुष्कळदा तेवढ्यानेही फाइल हलते. त्याही पुढे साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. दोष तपासायला वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकारही आयोगाला आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि अशी तपासणी लागली तर पाच महिने म्हटलं आहे. प्रत्यक्षात याहून कितीतरी जास्त लागतात. सहा-साडेसहा हजारांच्या लेबरसाठी तारखांना जायचं का, याचं उत्तर तुमच्या वेळापत्रकात शोधा. गिअरबॉक्सचं अख्खं काम नाकारलं गेलं तर मात्र मी जा म्हणेन.

गाडी विकायचा पर्याय मी थोडक्यात निकाली काढतो. आवाजासकट विकलीत तर घेणारा पहिल्या ट्रायललाच किंमत पाडेल, आणि त्याला आवाज कळू नये म्हणून काही युक्ती करावी असं तुमच्या घरात कोणी सुचवत असेल तर ते बरं नव्हे. विकायचीच असेल तर दुरुस्ती झाल्यावर, तिच्या कागदासकट विका.

हे वाचणाऱ्या इतरांच्या गाडीचा आवाज वेगळा असेल. साठच्या पुढे घोंघावणारा, क्लच दाबला किंवा रेस सोडली तरी तसाच राहणारा आवाज सहसा इंजिन-गिअरबॉक्सकडून येत नाही. तो बहुधा टायरचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा. डांबरीवरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर टायर. मोकळ्या रस्त्यावर लांब उजव्या वळणावर वाढला तर डाव्या चाकाचं बेअरिंग आधी तपासायला सांगा, कारण भार तिकडे जातो. इथेही पैशांचा तोच खेळ आहे. टायर तुमच्या खर्चाने, बेअरिंग बहुधा वॉरंटीत, आणि सुरुवात बरेचदा 'टायर बदलून बघू'पासून होते. चार टायर घेण्याआधी पुढचे मागे, मागचे पुढे करायला सांगा. आवाजाची जागा बदलली नाही तर टायर निर्दोष. गाडी रॅम्पवर उचलून चाक हाताने फिरवताना सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर तळवा ठेवला की खराब बेअरिंगची थरथर हाताला लागते, ही चाचणी फुकटची आहे. पूर्ण वळण घेताना कट-कट-कट वाजलं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट, म्हणजे वरचं आवरण, फाटलंय का बघा, कारण बूट झिजणारा भाग म्हणून वगळलेलं असतं आणि 'फाटल्यावर वेळेत आणली नाहीत' या सबबीखाली जॉइंटही नाकारला जातो. गिअर आपोआप सुटत असेल, चाकात हाताला जाणवेल एवढा ढिलेपणा असेल किंवा घरघरीचा खरडल्यासारखा आवाज झाला असेल, तर वॉरंटीचा विचार नंतर. गाडी तिथेच थांबवा आणि टो करून न्या.

ताई, तुमची गाडी अजून त्या टप्प्याला आलेली नाही. पण बेअरिंगचे कण ऑइलातून सगळ्या गिअरवर फिरतात, तेव्हा साताऱ्याच्या फेऱ्या आठवडाभर एसटीने केल्यात तर बरं. काम झालं की बिल मागून घ्या, रक्कम शून्य असली तरी. त्यावर बदललेल्या प्रत्येक बेअरिंगचा आणि सीलचा पार्ट नंबर, भरलेलं गिअर ऑइल किती लिटर आणि कोणत्या ग्रेडचं, त्या दिवशीचे किलोमीटर आणि नव्या भागांची वॉरंटी किती, एवढं असायलाच हवं. गाडी सर्व्हिस सेंटरच्या आवारातच न्यूट्रलला उभी करा, काच खाली घ्या, क्लच दाबून-सोडून ऐका, सासऱ्यांनाही ऐकवा, आणि मगच सही करा.